सायकलवाल्यांचे प्रश्न: स्किबी एवढा लाडका कसा काय?

गेल्या अंकात बेल्जियममधल्या कोपेनबर्गच्या चढाबद्दल लिहिताना येस्पर स्किबीचं नाव ओझरतं आलं होतं, डेन्मार्कचा आता रिटायर झालेला सायकलपटू, ज्याच्या सायकलवरून रेसवाल्यांचीच गाडी गेली तो. मी एवढंच लिहिलं होतं पण सांगली-साताऱ्याकडनं त्याच्याबद्दलच जास्त विचारणा झाली, तर म्हटलं ह्या वेळी सगळी जागा त्यालाच देऊया. काही पत्रं एकसारखी होती ती एकत्र केलीत, नावं छापत नाही, फक्त गाव दिलंय.

प्रश्न (विटा): दादा, हा स्किबी नक्की कोण? टूर दे फ्रान्स जिंकलेला डॅनिश माणूस म्हणजे हाच का? आमच्या ग्रुपमधे ह्यावरनं वाद झालाय.

नाही, तो बियार्ने रीस. 1996 ची टूर जिंकली ती रीसनं, डेन्मार्कचा पहिला टूर विजेता. स्किबी त्याच काळातला, वयानंही साधारण बरोबरीचा, पण गडी एकदम वेगळा.

स्किबीचा जन्म 1964 चा. घरातच सायकल, वडील सायकलपटू, बहीणपण रेसिंग करायची. 1986 ला तो प्रोफेशनल झाला आणि 2000 ला थांबला, मधला बराच काळ टीव्हीएम नावाच्या डच टीममधे काढला. फ्रान्सची टूर, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्ता ह्या ज्या तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या रेस आहेत ना, त्या तिन्हींमधे त्यानं स्टेज, म्हणजे रेसचा एका दिवसाचा टप्पा, जिंकलीय, व्हुएल्तात तर एकाहून जास्त. हे वाचायला सोपं वाटतं पण भलेभले रायडर एकाच रेसमधली एक स्टेज मिळावी म्हणून अख्खं करिअर घालवतात आणि तीपण मिळत नाही. टूरमधली त्याची स्टेज 1993 ची, अव्हराँश ते एव्रू, पाचवी स्टेज. आणि मजा बघा, त्यानंतर दोनच दिवसांनी रीसनं सातवी स्टेज मारली, म्हणजे तीन दिवसांत डेन्मार्कला दोन विजय. त्या वेळी कोपनहेगनला टीव्हीसमोर बसलेल्यांना काय वाटलं असेल, विचार करा. ती टूर शेवटी स्पेनच्या इंदुराइननं जिंकली, त्याची सलग तिसरी.

तर वादाचं उत्तर असं, टूर रीसची, लोकांचं प्रेम मात्र स्किबीला कमी मिळालं नाही, काहींच्या मते जास्तच. का ते पुढं सांगतो.

प्रश्न (मिरज): गाडीखाली सायकल गेली ती गोष्ट अर्धीच सांगितलीत. नीट सांगा की, माणूस वाचला कसा?

हो, सांगतो. 1987 ची टूर ऑफ फ्लँडर्स, एप्रिल महिना. ही एक दिवसाची रेस, अडीचशे किलोमीटरच्या घरातली, बेल्जियममधल्या लोकांना ती रेस म्हणजे आपल्याकडच्या वारीइतकी जवळची. स्किबी तेव्हा 23 वर्षांचा, प्रो होऊन एकच सीझन झालेला. पुढं निघून एकटाच रेस लीड करत होता आणि तसाच कोपेनबर्गला आला.

कोपेनबर्ग म्हणजे औडेनार्डेजवळचा एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना मातीचे बांध, मधे गोल पाठीचे दगड बसवलेले. लोक दोन्हीकडं बांधावर चिकटून उभे. रस्त्याची रुंदी इतकी की एक गाडी आणि तिच्या बाजूला एक सायकल जेमतेम मावते. स्किबी थकलेला, चाक दगडावरनं घसरतंय, वेग इतका कमी की तो इकडून तिकडं झोकांड्या खात चाललाय, मागनं मुख्य घोळका जवळ आलेला. आणि त्या दोघांच्या मधे रेस अधिकाऱ्यांची गाडी. तिला पुढं जायचं होतं, कारण घोळका आला की ती मधेच अडकणार. गाडी बाजूनं घ्यायला गेली, तेवढ्यात स्किबी पडला, आणि पडला तेव्हा पाय पेडललाच अडकलेले. गाडी थांबली नाही. त्याच्या सायकलच्या मागच्या चाकावरनं गेली, पाय थोडक्यात वाचला.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितलाय आणि दर वेळी माझं लक्ष एकाच गोष्टीकडं जातं. जमिनीवर पडलेला पोरगा अंग चोरून पाय ओढून घेतो ती अर्ध्या सेकंदाची हालचाल. तेवढीच हालचाल झाली नसती तर स्किबीचं करिअर 23 व्या वर्षी तिथंच संपलं असतं, आणि आज आपण त्याच्याबद्दल काहीच बोलत नसतो.

रेस त्या दिवशी क्लोद क्रिकेलियोंनं जिंकली, शॉन केली दुसरा आला. पण कोपेनबर्ग त्यानंतर रेसमधनं काढूनच टाकला, थेट 2002 साली रस्ता नीट करून परत घेतला. म्हणजे पंधरा वर्षं तो चढ रेसमधनं गायब, आणि त्याला कारण झाला हा प्रसंग. सायकल रेसमधे मागं-पुढं चालणाऱ्या गाड्या हा आजपण मोठा धोका आहे, आपल्याकडच्या स्थानिक रेसमधे तर व्हिडिओ काढणाऱ्यांच्या मोटरसायकली रायडरच्या इतक्या जवळनं जातात की बघताना माझा जीव वर येतो. आयोजकांनी ह्याच्यावर कडक व्हायलाच पाहिजे, इथं मी अजिबात मऊ बोलणार नाही.

प्रश्न (सातारा): कोपेनबर्ग फक्त 600 मीटरचा म्हणे. आम्ही रविवारी यवतेश्वर चढून कासपर्यंत जातो, न उतरता. मग जगातले एवढे मोठे प्रो लोक 600 मीटरसाठी सायकलवरनं उतरून चालतात हे पटत नाही.

न उतरता कासपर्यंत जाता म्हणजे पायात दम आहे, पण हे दोन चढ एकाच मापानं मोजू नका. यवतेश्वरचा घाट लांब आहे, दमवतो, पण रस्ता डांबरी आहे आणि वळणावळणानं जातो, त्यामुळं एकदा लय सापडली की माणूस श्वास सांभाळत जातो. कोपेनबर्गची सरासरी चढण 11.6 टक्के आणि सगळ्यात उभ्या जागी 22 टक्के. 22 टक्के म्हणजे शंभर मीटर पुढं गेलं की 22 मीटर वर. आता हे दगडावर, आणि दगड जर ओले असतील तर उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागेवरच फिरतं, बसून लावला की पुढचं उचलतं. म्हणजे वजन मधे ठेवायचं, हँडल सैल धरायचं, आणि समोरचा थांबला की तुम्हीपण थांबलात. तिथं परत सायकलवर बसून चालू करणं जवळपास अशक्य. म्हणून पुढचा एक जण अडखळला की मागचे शंभर जण खांद्यावर सायकल घेऊन चालतात. दमानं नाही, जागेनं मारलं जातं त्यांना.

शिवाय तुम्ही यवतेश्वर सकाळी ताज्या पायांनी चढता. ते लोक तिथं येतात तोवर अंगात दीड-दोनशे किलोमीटर गेलेले असतात. पसरणीचा घाट वाईतनं निघून नाही, तर पुण्याहून सायकल मारत येऊन चढून बघा, मग फरक कळंल.

प्रश्न (तासगाव): टूर जिंकला नाही, फ्लँडर्स जिंकला नाही, मग लोक त्याच्यावर एवढा जीव का लावत होते? जिंकणारे डॅनिश दुसरे होते की.

होतेच की. रॉल्फ सोरेन्सननं 1993 ची लीज-बास्तोन्य-लीज ही बेल्जियममधली मोठी एक दिवसाची रेस घेतली, 1997 ची फ्लँडर्स घेतली, अटलांटा ऑलिम्पिकला रोड रेसमधे सिल्व्हर आणलं. कागदावर बघाल तर स्किबीपेक्षा मोठा. रीस तर टूर विजेता. तरी स्किबीची जागा वेगळी आहे, आणि मला वाटतं हा प्रश्न ह्या सगळ्या पत्रांमधला खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो बोलायचा. रेस संपली की रिपोर्टर माईक पुढं करतात, आणि बहुतेक रायडर काय बोलतात तर टीमनं छान काम केलं, पाय बरे होते, उद्या बघू. स्किबी तसा नव्हता. तो मोकळा हसायचा, गमतीत बोलायचा, हरला तरी, धुळीनं तोंड भरलेलं असलं तरी. 90 च्या दशकात डेन्मार्कमधे जुलै महिन्यात घराघरांत टूर चालू असायची, आणि रोज संध्याकाळी हा माणूस घरातल्याच कुणासारखा येऊन बोलतोय म्हटल्यावर सायकलिंगचा स पण न कळणारे लोकसुद्धा त्याला ओळखायला लागले. साधारण पन्नास-साठ लाखांचा देश, तिथं असं सगळ्यांचं होणं लवकर होतं.

दुसरी गोष्ट त्याची रेस करायची पद्धत. घोळक्यात लपून शेवटच्या दोनशे मीटरला वर येणारे असतात, त्यात काही गैर नाही, तेपण कौशल्यच. स्किबी पुढं निघायचा. फ्लँडर्सला एकटा पुढं होता म्हणूनच तर गाडी त्याच्यापाशी आली ना. पुढं निघणाऱ्याला दहातली नऊ वेळा पकडतात, हे त्यालापण माहीत असतं आणि बघणाऱ्यालापण, तरी तो निघतो. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात बघा, चीतपट झालेला पैलवान जर शेवटपर्यंत अंगावर घेऊन लढला असंल तर त्याच्यासाठी लोक उठून टाळ्या वाजवतात, खिशातली नोट काढून त्याच्या हातात देतात, आणि निकालात त्याचं नाव कुठं आहे हे कुणी विचारत नाही. कुंडलचं मैदान बघितलेल्या माणसाला स्किबीची लोकप्रियता समजावून सांगावी लागत नाही.

रीसचं ह्याच्या उलट. कमी बोलणारा, आतल्या गाठीचा. 1996 च्या टूरमधे ओताकामच्या चढावर त्यानं जे केलं ते विसरता येत नाही, पुढच्या ग्रुपमधनं मुद्दाम मागं आला, एकेकाच्या तोंडाकडं बघत बघत, कोण किती दमलाय ते वाचलं, आणि मग मोठ्या गिअरवर निघून गेला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण डोक्यावर घेणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. माझं मत आहे, पटत नसंल तर लिहा.

प्रश्न (कराड): सर, माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, सायकलिंग करतो, तुमचा कॉलम वाचतो. ह्या स्किबीनं डोपिंग केल्याचं कबूल केलंय असं वाचलं. मग अशा माणसाचं कौतुक तुम्ही छापता कशाला?

तुमचा राग योग्य आहे, आणि हे न सांगता वरचं सगळं सांगितलं असतं तर तो वाचकांशी खोटेपणा झाला असता.

हो, स्किबीनं 2006 साली आत्मचरित्रात स्वतःहून सांगितलं की रेसिंगच्या काळात आपण डोपिंग करत होतो. एकदा चुकून वगैरे नाही, वर्षानुवर्षं. तेव्हा त्याला रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, मे 2007 मधे रीसनं पत्रकार परिषद घेऊन कबूल केलं की टूर जिंकली तेव्हा तो ईपीओ नावाचं औषध घेत होता, आणि म्हणाला की टूर विजेत्याची पिवळी जर्सी घरी गॅरेजमधे खोक्यात पडलीय, पाहिजे तर या आणि घेऊन जा. रॉल्फ सोरेन्सननं 2013 ला कबूल केलं. म्हणजे वरती ज्या तिघांची नावं घेतली ते तिघंही. वाईट वाटतं हे लिहिताना, कारण माझ्या पिढीनं ह्याच लोकांचे फोटो कापून वहीत चिकटवलेत.

मुलाला हे नीट समजावून सांगा म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ईपीओ हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं हार्मोन, ते हाडातल्या मज्जेला सांगतं की लाल पेशी बनव. औषध म्हणून ते डायलिसिसच्या पेशंटला देतात, कारण त्यांच्या शरीरात ते पुरेसं बनत नाही. धडधाकट माणसानं घेतलं की लाल पेशी गरजेपेक्षा वाढतात, ऑक्सिजन जास्त वाहून नेला जातो, चढावर दम लागत नाही. पण रक्त दाट होतं, आणि रात्री झोपेत नाडी मंद असताना दाट रक्त म्हणजे गुठळीचा, हृदयाचा धोका. 90 च्या दशकात ह्याची टेस्टच नव्हती. 1997 ला युसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, फक्त एवढा नियम आणला की रक्तात लाल पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांच्या वर गेलं तर त्याला रेसला बसू देणार नाही. म्हणजे 49 पर्यंत काय करायचं ते करा, असाच अर्थ सगळ्यांनी काढला. खरी लघवीची टेस्ट 2000-2001 च्या सुमारास आली, तोवर स्किबी घरी बसलेला होता.

सगळेच करत होते म्हणून त्याला माफ, असं मी म्हणणार नाही. त्याच काळात काही पोरं अशी होती ज्यांनी सुई टोचून घ्यायला नकार दिला आणि दोन-तीन वर्षांत गावी परत गेली, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी कुणी उठून टाळ्या वाजवल्या नाहीत. स्किबीच्या प्रत्येक स्टेजच्या मागं अशा कुणाची तरी हुकलेली स्टेज असू शकते. हे ओझं त्याच्या नावावर राहणार, राहिलंच पाहिजे.

पण तो होता, तसा बोलायचा, लोक त्याच्यावर प्रेम करायचे, आणि नंतर त्यानं कुणी पकडलेलं नसताना स्वतः तोंड उघडलं, ह्या पण घडलेल्याच गोष्टी आहेत. मुलाला दोन्ही सांगा. 16 व्या वर्षी पोरं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त समजून घेतात. आणि दुसरं म्हणजे जिममधनं किंवा कुठल्या ओळखीच्या माणसाकडनं आणलेली, लेबल धड नसलेली पावडर आणि गोळ्या घरात येऊ देऊ नका. कशात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि पुढं मुलगा नॅशनलला पोचला, नाडाची, म्हणजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची टेस्ट झाली तर मला माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. शेंगदाणे, केळी, डाळ-भात, अंडी आणि आठ तास झोप एवढ्यावर ह्या वयात भरपूर होतं.

प्रश्न (पलूस): डेन्मार्क तर सपाट देश, डोंगर नाही काही नाही. तिथनं एवढे सायकलवाले कसे निघतात? आमच्याकडंपण सपाटच आहे, उसातनं रस्ते.

सपाट म्हणजे किती सपाट, तर डेन्मार्कची सगळ्यात उंच नैसर्गिक जागा 171 मीटरची. आपलं कासचं पठार साधारण 1200 मीटरवर आहे, सांगली शहरसुद्धा समुद्रसपाटीपासनं पाचशे मीटरच्या वर. पण त्यांच्याकडं वारा आहे. समुद्रावरनं येणारा, दिवसभर, आडवा. आडव्या वाऱ्यात सरळ एकामागं एक चालून उपयोग नसतो, तिरकी रांग करावी लागते, प्रत्येक जण पुढच्याच्या थोडा बाजूला, आणि पुढचा दमला की तो फिरून मागं. रस्त्याची रुंदी संपली की रांगेत जागा संपते आणि जो कडेला राहिला तो सुटला. हे ज्याला लहानपणापासनं जमतं त्याला बेल्जियममधल्या रेसमधे कुणी सहज मागं टाकत नाही.

तुम्हीपण पलूस-तासगाव रस्त्याला सकाळी चार जण मिळून ही तिरकी रांग करायची प्रॅक्टिस करू शकता, पण मोकळ्या रस्त्यावर, गाड्या नसताना. आणि हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या मागं चिकटून वारा तोडायची जी सवय आपल्याकडच्या पोरांना आहे ना ती बंद करा. ट्रॉलीला मागं लाइट नसतो, वाडं लोंबत असतं, मोळी सुटून पडते, आणि ड्रायव्हरला तुम्ही आहात हेच माहीत नसतं.

डोंगराचं म्हणाल तर आताचा योनास विंगेगोर बघा, 2022 आणि 2023 ची टूर जिंकली, तोपण त्याच सपाट देशातला, सुरुवातीच्या दिवसांत सकाळी मासळीच्या कारखान्यात काम करून मग सायकल मारायचा. 2022 ची टूर तर कोपनहेगनवरनंच सुरू झाली होती. तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा जी गर्दी होती ती काय एका दिवसात जमलेली नाही, ती 80-90 च्या दशकात स्किबी-रीसच्या वेळेपासनं तयार होत आलेली गर्दी आहे.

प्रश्न (वाई): स्किबीचं काय बघू? एकच सुचवा.

1987 च्या फ्लँडर्सचा कोपेनबर्गचा तुकडा नेटवर सहज सापडतो, तो बघा, पण गाडी येते तिथनं चालू करू नका. त्याच्या आधीची मिनिटं बघा, तो एकटा पुढं आहे आणि अजून त्याला पकडलेलं नाही.